गगनबावडा ते सामानगड: घाटमाथ्याच्या कडेने चार दिवस

पन्हाळा या मार्गात नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पन्हाळा कोल्हापुरातून अर्ध्या दिवसात होतो, आणि रविवारी गेलात तर त्यातला बराच वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात जातो. हा मार्ग जिल्ह्याच्या पश्चिम आणि दक्षिण कडेचा आहे: गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी, गारगोटी, भुदरगड, पाटगाव, उत्तूर, गडहिंग्लज, सामानगड आणि संकेश्वर-निपाणीवरून परत. फाटे धरून अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास भरतं. चार दिवसांना हे कमी वाटेल, पण यातला निम्मा रस्ता ताशी तीसच्या वर जाऊ देत नाही.

मार्ग असा आखण्यामागे एक कारण आहे. खारेपाटण, राजापूर या बंदरांतून माल देशावर यायचा तो घाटवाटांनी. वाट जिथे वर चढते तिथे जकात, आणि जकात तिथे किल्ला. करूळ आणि भुईबावड्याच्या डोक्यावर गगनगड, फोंड्यावर शिवगड, हणमंत घाटावर रांगणा. नुसता किल्ला बघून परतलं की चार बुरुज आणि एक देऊळ एवढंच हाती लागतं. त्याच्या खालची वाट एकदा उतरलात किंवा चढलात की बुरूज नेमका तिथेच का बांधला हे कुणी सांगावं लागत नाही.

दिवाळी ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवळ आणि धबधबे असतात, पण रस्ते नसतात. गगनबावडा रस्ता लोंघे, किरवे आणि मांडुकलीजवळ पाण्याखाली जातो, आणि तेही पंचगंगेने कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठायच्या आधीच, कारण इथलं पाणी कुंभी नदीचं असतं आणि ती वरच्या पावसाने आधी फुगते. नुसता राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघून निघालेली गाडी मांडुकलीवरून मागे फिरते, ती यामुळे.

हिवाळ्यात पाणी नसतं, पण ऊस असतो. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर बाहेर आलेला ऊस, मागचा दिवा उसाखाली झाकलेला किंवा मुळातच नसलेला. चढाला भार मागे गेला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही, म्हणून चढावर ट्रॉलीच्या मागे चिकटून राहू नये. अंतर ठेवावं, सरळ रस्ता मिळेपर्यंत ओव्हरटेक करू नये, आणि अंधार पडल्यावर या मार्गावर गाडी चालवूच नये. चारही दिवसांचं वेळापत्रक संध्याकाळी सहाला मुक्कामी पोचायचं धरूनच केलं आहे.

निघण्याआधी गाडीचं एवढं बघावं: ब्रेक पॅडची जाडी, ब्रेक ऑइलची पातळी आणि ते किती जुनं आहे, कूलंट, वायपरचं रबर, स्टेपनीतली हवा. स्टेपनी तपासायची राहते आणि पंक्चर नेमकं फाट्यावर होतं. टायरची हवा गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिली असेल तेवढीच भरावी. घाट आहे म्हणून कमी करायची काही गरज नाही. टाकी कोल्हापुरातच फुल्ल करावी, कारण कळे ओलांडल्यावर पंप विरळ होत जातात. सुट्टे पैसे जवळ हवेतच. घाटाखाली रेंज जाते आणि मग क्यूआर कोडचा फलक नुसता भिंतीवर राहतो.

पहिला दिवस: कोल्हापूर ते गगनबावडा (५५ किमी)

अंतर थोडं आहे, म्हणून घाई नाही. रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा करत रस्ता भोगावती ओलांडतो आणि पुढे कुंभीच्या खोऱ्यात शिरतो. कळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. हंगामात सकाळी आठच्या आत या पट्ट्यात असाल तर रस्त्यालगतच्या एखाद्या गुऱ्हाळावर थांबावं. धूर सरळ वर चढताना दिसला की गुऱ्हाळ चालू आहे असं समजावं.

बघण्यासारखं काम चुलवाणावरच्या, म्हणजे मोठ्या भट्टीवरच्या काहिलीत (पसरट कढईत) असतं. रस तापू लागला की वर मळी येते. ती सुटावी म्हणून भेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकतात; गढूळपणा त्याला धरून वर येतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो. थोडा चुनाही घालतात, त्याने आंबटपणा मरतो आणि गूळ कणीदार होतो. चुना जास्त पडला तर गूळ काळपट. पाक ११८ अंशांच्या आसपास पोचला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. थर्मामीटर असला तरी निर्णय त्या गोळीवरच. मग काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात ओततात, फावड्याने घोटतात आणि साच्यात भरतात. एक टन उसापासून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ निघतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण विकत घेताना मानांकनापेक्षा रंग बघावा. फार पिवळाधमक आणि एकसारखा गूळ असेल तर त्यात हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारं रसायन) पडली असण्याची शक्यता जास्त. तांबूस, किंचित मळकट रंगाचा घ्यावा. काकवी घ्यायची तर काचेची बाटली घरूनच न्यावी, आणि ती गळ्यापर्यंत भरू नये. ऊन लागलं की काकवी फसफसते, झाकण उडतं आणि डिकी चिकट होते.

साळवणनंतर डोंगर जवळ येतात आणि उसाची जागा भात आणि नाचणी घेतात. गगनबावड्याच्या अलीकडे पळसंब्याचा फाटा आहे. गावाजवळ ओढ्याच्या पात्रात सुट्या कातळांतून कोरलेली लहान लहान देवळं आहेत. एकेका दगडाचं एकेक देऊळ, वर झाडांची दाट सावली. पात्रातले दगड शेवाळलेले असतात. चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली सँडल बरी. पावसाळ्यात ओढा फुगला असेल तर काठावरूनच बघावं.

गगनबावडा हे रामचंद्रपंत अमात्यांच्या वंशाचं, म्हणजे पंत अमात्य बावडेकरांचं जहागिरीचं गाव. गगनगडाचं बांधकाम परंपरेने शिलाहार राजा दुसरा भोज याच्या नावावर सांगतात. गाडी बरीच वर जाते, उरलेलं पायऱ्यांनी. वर गगनगिरी महाराजांचा मठ असल्यामुळे पायऱ्या चांगल्या आहेत आणि वर्दळही. दुपारी चारनंतर चढावं. पश्चिमेच्या कड्यावर उभं राहिलं की दोन घाट दोन दिशांना उतरताना दिसतात, डावीकडे करूळ, उजवीकडे भुईबावडा. उद्याचा रस्ता आजच बघून ठेवता येतो.

मुक्काम गावात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या या गावात डिसेंबरातही रात्री ओल असते, त्यामुळे खोली घेताना आधी गादी हाताने चाचपून बघावी.

दुसरा दिवस: करूळ उतरून फोंडा चढणं, राधानगरी (सुमारे १०० किमी)

सकाळी निघण्याआधी गगनबावड्याच्या तिठ्यावर वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या ड्रायव्हरला विचारावं, "मामा, करूळ चालू हाय न्हवं?" नकाशावर घाट उघडा दिसला तरी दरड आली असेल तर हे इथेच आधी कळतं. २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी करूळ बराच काळ बंद होता आणि सगळी वाहतूक भुईबावड्याने वळली होती. करूळ बंद असेल तर आजही पर्याय तोच: भुईबावडा उतरून उंबर्डेमार्गे वैभववाडी. तो अरुंद आहे, वळणं तीव्र आहेत आणि दोन एसट्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं.

नियम जुनाच आहे: ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरायचा. म्हणजे दुसरा, क्वचित तिसरा. ऑटोमॅटिक गाडीत 'डी'वर टाकून नुसत्या ब्रेकवर उतरणं ही इथली सर्वांत सामान्य चूक. मॅन्युअल मोड किंवा 'एल' वापरावा. ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड तापतात, जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओल मुरलेली असेल तर ते उकळून त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. त्याआधी जळका वास येतो. वास आला की रुंद जागा बघून डोंगराच्या बाजूला थांबावं, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नये, डिस्कवर पाणी ओतू नये, पाण्याने ती वाकते किंवा तडकते. वीस मिनिटांत निवते. आणि निघताना दगड उचलून कडेला टाकावा. घाटातल्या निम्म्या दगडांची ही हकीगत असते: दरडीतून आलेले नव्हेत, कुणाच्या तरी चाकाखालून राहिलेले.

एसटी आणि ट्रक वळणावर बाहेरून फिरतात, त्यांना दुसरा इलाज नसतो. समोरून बोनेट दिसलं की वळणाच्या अलीकडेच थांबून त्यांना जाऊ द्यावं. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. धुक्यात दिवे खालच्या झोतावर, आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत. कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

उतरलं की हवा बदलते, खिडक्या खाली येतात. वैभववाडीत नाश्त्याला घावन मिळालं तर घ्यावं. इथून फोंडा पंचवीसेक किलोमीटर, लोरेमार्गे. रस्ता सपाट आहे, पण गावांमधून जातो. गुरं, शाळेची मुलं आणि गतिरोधक. गतिरोधकांना पट्टे मारलेले नसतात, झाडाच्या सावलीत ते दिसतच नाहीत. फोंडा ही घाटाखालची जुनी बाजारपेठ. कोकम, उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ इथे घ्यावं, पुढे घाटमाथ्यावर ते मिळेल याची खात्री नाही.

फोंडा घाट करूळपेक्षा ऐसपैस आहे आणि म्हणूनच लादलेले ट्रक इकडून चढतात. त्यांच्यामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना इंजिन तापतं, कारण रेडिएटरला वारा मिळत नाही. काटा वर सरकू लागला की एसी बंद. तरीही चढत राहिला तर थांबावं, इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवावं आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नये.

घाटमाथ्यावर राधानगरी अभयारण्य सुरू होतं. राज्यातलं हे पहिलं अभयारण्य, १९५८ सालचं, गव्यांसाठी राखलेलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत याचा समावेश झाला. जंगलातला फेरा वनखात्याच्या नोंदणीने होतो आणि पावसाळ्यात बंद असतो. सावराई सडा, वाघाचं पाणी ही ठिकाणं त्या फेऱ्यात येतात. शिवगडाची वाटही जंगलातून जाते, त्यामुळे दाजीपूरच्या नाक्यावर परवानगी आणि वाटाड्या मिळाला तरच जावं.

दाजीपूर ते राधानगरी या पट्ट्यात दुपारी चारनंतर गवा रस्त्यावर येऊ शकतो. कळप दिसला तर लांबच थांबावं, हॉर्न वाजवू नये, दिवे मंद ठेवावे. पहिला गेला म्हणून लगेच गाडी काढू नये, मागे वासरं असतात. एकटा नर जास्त भरवशाचा नाही. तो मान खाली घालून आडवा उभा राहिला तर गाडी हळूच मागे घ्यावी.

राधानगरी धरण संध्याकाळच्या उन्हात बघावं. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर हे काम विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हाती घेतलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात खर्च आवाक्याबाहेर गेला, भिंत अर्धवट राहिली आणि उरलेलं काम स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. मुद्दाम बघायचे ते सात स्वयंचलित दरवाजे. त्यांना वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दाबानेच उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी पडतं. पावसाळ्यात "राधानगरीचे चार दरवाजे उघडले" ही बातमी आली की कोल्हापुरात पंचगंगेकाठची माणसं सामान वर चढवायला लागतात. साठा साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आत, म्हणजे कोयनेपुढे लहानच. पण कोल्हापूरच्या उसाची सुरुवात या भिंतीमागे आहे.

तिसरा दिवस: मुदाळ तिट्टा, गारगोटी, भुदरगड, पाटगाव (सुमारे १३० किमी)

राधानगरीहून सोळांकूर, सरवडेमार्गे मुदाळ तिट्टा. जवळच आदमापूरचं बाळूमामांचं देवस्थान. अमावास्येला आणि रविवारी या तिठ्यावर गाड्या तासन्‌तास अडकतात, म्हणून कॅलेंडर बघूनच हा दिवस ठरवावा. दर्शन करायचं नसेल तर थांबूही नये, सरळ गारगोटी गाठावी.

गारगोटीत कचेरीजवळ हुतात्म्यांचं स्मारक आहे. १३ डिसेंबर १९४२ ला भूमिगत क्रांतिकारकांनी इथल्या कचेरीवर हल्ला केला, त्यात सात जण गेले. याच गावात शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं.

भुदरगड इथून दहा-बारा किलोमीटर. पेठशिवापूरमार्गे डांबरी रस्ता थेट गडावर जातो, शेवटचा चढ पहिल्या गिअरचा. वर विस्तीर्ण सपाटी आहे, भैरवनाथाचं देऊळ, तोफ आणि दूधसागर तलाव. तलावाचं पाणी खरोखरच दुधी दिसतं. ते पिऊ नये, पाणी खालूनच न्यावं, कारण गडावर सावली देवळापाशीच काय ती.

इथे तटाकडे जरा वेळ द्यावा. सलग चालत गेलं तर भिंत मध्येच नाहीशी होते, आणि तिथले दगड उतारावर विखुरलेले दिसतात. हे पावसाचं काम नव्हे. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानचा कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडिताच्या हाती होता. गड राखणाऱ्या गडकऱ्यांच्या पिढीजात वतनांवर आणि हक्कांवर त्याने हात घातला, तेव्हा सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड भुदरगड, पन्हाळा, विशाळगडापर्यंत पसरलं. इंग्रज फौजेने ते मोडलं आणि पुन्हा कुणी दरवाजे लावू नयेत म्हणून गडांची तटबंदी पाडली. पावसाने ढासळलेला तट पायथ्याशी ढीग होऊन बसतो. पाडलेल्या तटाचे दगड लांब गडगडलेले असतात आणि दरवाजाजवळची पडझड सर्वांत जास्त असते.

दुपारनंतर कडगावमार्गे पाटगाव. वेदगंगेच्या खोऱ्यातला हा रस्ता सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा, आणि सर्वांत कमी गाड्यांचा. पाटगावात मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिण दिग्विजयाला निघण्यापूर्वी शिवाजी महाराज इथे आशीर्वादाला आले होते असं परंपरा सांगते. गाव आता मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. मध घेताना बाटली थंडीत गोठलेली दिसली तर घाबरू नये, खरा मधही साखर धरतो. काडी पेटवून बघणं, पाण्यात थेंब सोडणं या परीक्षांना काही अर्थ नाही. कुठल्या फुलोऱ्याचा आणि कधी काढलेला एवढं विचारावं. आग्या मोहोळाचा की सातेरी माशीच्या पेटीतला, हे विक्रेता न अडखळता सांगत असेल तर बहुधा मालही बरा असतो.

इथूनच पुढे चिक्केवाडीवरून रांगण्याची वाट. जीपरस्ता दगडगोट्यांचा आणि ओढ्यांचा आहे; साध्या कारचं ऑइल चेंबर तिथे फुटतं. रांगण्याला पूर्ण दिवस आणि पायच लागतात, त्यामुळे या चार दिवसांत तो बसवू नये. मुक्काम गारगोटीत.

चौथा दिवस: उत्तूर, गडहिंग्लज, सामानगड, परत (सुमारे १८० किमी)

सकाळी पिंपळगाव, उत्तूर करत गडहिंग्लज. इथून भाषेत कानडी हेल ऐकू येऊ लागतो आणि शेतात मिरची दिसते. जानेवारी ते मार्चमध्ये बाजार समितीत संकेश्वरी जवारी मिरचीचे सौदे चालतात. ही मिरची लांब, सुरकुतलेली आणि तिखट. रंगाला ब्याडगी वेगळी घ्यावी लागते. विकत घेताना मूठभर मिरच्या कानाजवळ धरून हलवाव्या. आत बिया वाजल्या की वाळलेली आहे. देठाशी दाबून बघावं. तिथे मऊ लागली तर घरी जाईपर्यंत बुरशी धरेल, आणि ओलाव्याचं वजनही आपणच पैसे देऊन घेतलेलं असेल. पोतं गाडीत पुढे ठेवू नये. एसी चालू केला की सगळे शिंकायला लागतात.

सामानगड गडहिंग्लजपासून दहाएक किलोमीटर, गाडी वर जाते. गड आकाराने लहान आहे, पण पाण्यासाठी बघावा असा. जांभ्या खडकात खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या विहिरी आहेत. सातकमानी विहिरीत एकामागे एक कमानी ओलांडत खाली जायचं. टॉर्च हवी, वटवाघळं असतात, शेवटच्या पायऱ्या निसरड्या. जांभ्यात पाणी झिरपतं म्हणून इतकं खोल जावं लागलं, आणि पाणी होतं म्हणूनच १८४४ चं बंड इथून सुरू करणाऱ्यांना दरवाजे लावून बसता आलं.

वेळ असेल तर चंदगड रस्त्याने नेसरी. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरसेनापती प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ती ही खिंड. स्मारक कानडेवाडीजवळ आहे. जाऊन-येऊन दीड-दोन तास धरावे, आणि सामानगडावरून निघायला दोन वाजले असतील तर नेसरी सोडून द्यावी.

परतीला संकेश्वर, मग महामार्गाने निपाणी, कोगनोळी टोलनाका, कागल. पावसाळ्यात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर येतं. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. चार दिवस दुसऱ्या गिअरची सवय झालेली असते, त्यामुळे महामार्गावर पहिले दहा किलोमीटर डाव्या लेनमध्येच राहावं. कागलनंतर साखर कारखान्याच्या ट्रॉल्या पुन्हा लागतात. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना खालूनही पाण्याचा मारा करून घ्यावा आणि चाकं काढून पॅड बघावे. करूळ आणि भुदरगडाचे उतार ज्यांनी ब्रेकवर उतरले, त्यांचे पॅड तिथे काचेसारखे चकाकत असतात. असे पॅड घासून चालवण्यापेक्षा बदललेले बरे.